छातीवरचा ठोका
छातीचे रोग ओळखण्याचे श्रेय स्टेथोस्कोपला दिले जाते. माझ्या मते ते शवविच्छेदनाला अधिक जाते. छातीवर बोटांनी ठोकून बद्द आवाज आला, तर आत पाणी साचलेले असू शकते, हे व्हिएन्नाच्या लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१मध्येच लिहिले होते. १८०८मध्ये फ्रेंच डॉक्टर कोर्व्हिझार यांनी फ्रेंच भाषांतर करेपर्यंत त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६मध्ये रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी, म्हणजेच पहिला स्टेथोस्कोप, छातीला लावली खरी. पण जिवंतपणी ऐकलेले आवाज त्यांनी मृत्यूनंतर फुप्फुसे उघडून पडताळले, म्हणूनच न्यूमोनियातल्या बारीक करकरीला अर्थ आला. क्ष-किरणांनी हे सारे कालबाह्य केले, असा आक्षेप येतो. खोलवरची लहान गाठ कानाला कळत नाही, हे मान्य. पण दमेकऱ्याच्या आकसलेल्या श्वासनळ्यांतली शीळ चित्रात उमटत नाही, ती आजही ऐकावीच लागते.