जुने नाणे, १ नग

मंडळी, दीड महिना नोंद टाकली नाही. रिलीज होती, शनिवार-रविवार ऑफिसातच गेले. आता जरा मोकळा झालोय, तर एक तक्रार आणि तिच्या निमित्ताने थोडा इतिहास.

तक्रार साधी आहे. मुंबईतल्या एका नाणीविक्रेत्याकडे (नाव देत नाही, भांडण एका दुकानाशी नाहीच) फोन करून मी एक नाणं राखून ठेवायला सांगितलं होतं. पश्चिमी क्षत्रपांचं चांदीचं नाणं, नखाएवढं, वजन साधारण दोन ग्रॅम. विरारहून लोकल पकडून गेलो. अर्धा तास बाकड्यावर बसवलं. मग शेठनी एका डबीतून मूठभर नाणी काचेवर ओतली आणि म्हणाले, "बघा यातलं कुठलं पाहिजे ते." खिशातला छोटा वजनकाटा काढला तर त्यांचा चेहरा पडला. "साहेब, विश्वास नसेल तर राहू द्या." बरं, राहू दिला काटा. मग विचारलं, ही सापडली कुठे? यावर जे उत्तर आलं त्यासाठी ही नोंद आहे. "माल येतो हो. कुठून येतो ते कोण विचारतं?"

पैसे दिले, पावती मागितली. नाखुशीने का होईना, मिळाली. तिच्यावर लिहिलंय: जुने नाणे, १ नग.

आता बाकड्यावर बसवणं, तुसडेपणा, काट्याचा राग हे सगळं आपल्याला सवयीचं आहे. कुठल्याही कचेरीत याहून वाईट वागवतात. पण ते शेवटचं उत्तर पचलं नाही, आणि ते का पचलं नाही हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

नाण्याच्या व्यवहारात गिऱ्हाईक नेहमी अडलेलं असतं, कारण नाण्याबद्दल समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. हे जुनंच दुखणं आहे. मुघलांच्या काळात टाकसाळीतून ताजा निघालेला रुपया 'सिक्का' म्हणून पूर्ण किमतीला चाले. वर्ष-दोन वर्षं झाली की तोच रुपया 'चलनी' होई आणि त्याच्यावर सराफ बट्टा कापी. चांदी तीच, वजन जवळजवळ तेच, पण तारीख जुनी. मराठेशाहीत तर रुपयांची जत्राच होती. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, निजामाच्या मुलखातला हाळी. टाकसाळी बऱ्याचदा मक्त्याने दिलेल्या. एका परगण्याचा रुपया दुसऱ्या परगण्यात सारा भरायला नेला की बट्टा आलाच. शेतकऱ्याला किती जायचा ते सराफ ठरवायचा. सराफाच्या पेढीवर कस्टमर केअर नावाचा प्रकार नव्हता.

पण त्या सराफाची एक गोष्ट मला आवडते. तो नाणं वाजवून, घासून पारखायचा आणि खात्री पटली की बारीक खूण ठोकायचा. जुन्या रुपयांवर असे ठोके सर्रास दिसतात. नाणं विद्रूप होतं, संग्राहक नाकं मुरडतात, पण मला ते ठोके म्हणजे पावती वाटते. मी हे तपासलं आणि माझ्या पेढीचं नाव यावर आहे, अशी. पुढे १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, एकच रुपया चालू केला आणि बट्ट्याचा धंदा हळूहळू बसला. धातू किती, याचं उत्तर सरकारने छापून दिलं.

जुन्या नाण्याच्या बाबतीत मात्र धातू हा निम्माच प्रश्न. दुसरा निम्मा म्हणजे ते कुठे, कशात, कोणाबरोबर सापडलं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे चटकन कळेल. टाइमस्टॅम्प आणि सर्व्हरचं नाव उडालेली लॉगमधली एक सुटी ओळ घेऊन बसा आणि बग शोधून दाखवा बघू!

क्षत्रपांची नाणी त्या मानाने सभ्य. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचं नाव, बापाचं नाव आणि पुष्कळदा शक संवतातलं वर्ष असतं. तारीख आणि पॅरेंट आयडी एकाच रेकॉर्डमध्ये! यांची अख्खी वंशावळ मुख्यतः नाण्यांवरून लागली. पण त्यांच्या आधीचा नहपान, आपल्या भागाशी ज्याचा खरा संबंध, तो क्षहरात घराण्यातला. त्याच्या नाण्यांवर ना वर्ष, ना बाप.

नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचा लेख आहे. त्यात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे त्याने धर्मशाळा बांधल्याचं लिहिलंय. शोर्पारग म्हणजे आपलं सोपारा, ज्याला रेल्वेने 'नाला' जोडला! शिवाय दमण, तापी, दाहनुका वगैरे नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. (दोन हजार वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यात प्रवाशांची सोय पाहणारा कोणीतरी होता. विरार फास्टच्या दारात लटकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) याच लेखांत ३५ कार्षापणांना एक सुवर्ण हा भाव आणि विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवलेले ३००० कार्षापण यांचाही हिशोब आहे. कार्षापण म्हणजे चांदीचं नाणं. इतका काटेकोर माणूस, पण लेखातली ४१, ४२, ४५ ही वर्षं कुठल्या संवताची ते लिहिलं नाही. त्यामुळे नहपान केव्हाचा, आणि सातवाहनांच्या गौतमीपुत्र सातकर्णीने खुद्द त्यालाच हरवलं की त्याच्या मागून आलेल्या कोणाला, यावर पंडित भांडत बसले.

भांडणाचा मोठा भाग मिटवला तो १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडलेल्या एका ठेव्याने. १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी. रेव्हरंड स्कॉट नावाच्या पाद्र्याने ती बसून तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये त्यावर लिहिलं. नाणी सगळी नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला. आधीच्या राजाचा चेहरा खाली अर्धवट दिसतोय आणि त्यावर नव्याचा डोंगर आणि उज्जैन-चिन्ह. बाकीची तशीच, छाप न मारलेली.

आता खरी गंमत बघा. इतक्या मोठ्या ठेव्यात मधल्या कुठल्याही तिसऱ्या राजाचं नाणं नाही. म्हणून म्हणता येतं की नहपान गेला आणि लगेच गौतमीपुत्र आला, मध्ये कोणी नाही. हा पुरावा कुठल्याही एका नाण्यात नाही. तो जे *नाही* त्यात आहे. आणि 'नाही' म्हणायला ठेवा अख्खा हातात लागतो. हीच नाणी शंभर-शंभरच्या पुड्या करून बाजारात गेली असती तर प्रत्येक नाणं आज आहे तितकंच अस्सल राहिलं असतं, तितक्याच चांदीचं, कदाचित तितक्याच किमतीचं. फक्त ते वाक्य कोणालाच लिहिता आलं नसतं.

दुसरं उदाहरण माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. नालासोपारा पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखलं जाणारं टेकाड आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं. मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजींकडे काम करून तयार झालेले. शिलालेख वाचण्यात त्या काळात त्यांच्या तोडीचे फार थोडे होते. टेकाड निघालं बौद्ध स्तूप. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याच्या डब्या, सोन्याची फुलं, मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे (बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असं त्यांचं मत), करंडकाभोवती आठ छोट्या काशाच्या मूर्ती. आणि एक चांदीचं नाणं, फारसं न झिजलेलं, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचं.

चांदीचं सातवाहन नाणं तसंही दुर्मीळ. पण हे नाणं किमती झालं ते शेजाऱ्यांमुळे. नाणं दुसऱ्या शतकातलं आणि मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकाकडची. एकाच पेटीत सहाशे-सातशे वर्षांचं अंतर! म्हणजे स्तूप केव्हातरी पुन्हा उघडून पूजला गेला असणार. म्हणजे सातवाहन गेल्यावर इतक्या शतकांनीही सोपाऱ्यात बुद्धाला मानणारे लोक होते. हे सगळं आपल्याला कळतं कारण भगवानलालांनी कशाच्या आत काय, कशाच्या बाजूला काय, हे लिहून ठेवलं. तेच नाणं कोणा मजुराने कमरेला खोचून बाजारात विकलं असतं तर? जुने नाणे, १ नग.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, दुकानदार काय करणार, त्याला तरी कुठे माहीत असतं. खरंय. त्याच्याकडे माल येतो तो तीन-चार हात फिरून, आणि पहिल्या हाताला तोंड उघडायचं कारणच नसतं. याची मुळं आहेत १८७८ च्या निखात निधी कायद्यात, जो आजही चालू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. (दहा रुपये, १८७८ चे! आकडा कोणी बदललाच नाही.) कोणी मालक निघाला नाही तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक जमीनमालकाला. ऐकायला झकास. पण सरकारला तो ठेवा हवा असेल तर त्याने द्यायचे किती? धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग. आता दोन ग्रॅम चांदीचं काय येतं ते तुम्हीच काढा आणि मी दुकानात मोजलेल्या बाराशे रुपयांशी ताडून बघा. वर पंचनामा, चकरा, पोलिसांचे प्रश्न. नांगराला मडकं लागलेला माणूस कलेक्टरकडे जाईल की सराफाकडे? वसईच्या किल्ल्यातल्या फिरंग्यांच्या खजिन्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकतोय, पण त्यातल्या एकाही गोष्टीचा शेवट तहसील कचेरीत होत नाही.

१९७२ चा पुराणवस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरचं नाणं त्याच्या व्याख्येत येतं, विक्रेत्याला परवाना लागतो, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. चांगलंच आहे. पण तो वस्तूवर पहारा ठेवतो. माहिती बाहेर यावी म्हणून कोणाला काही देत नाही.

इंग्रजांनी स्वतःच्या देशात हे बदललं, याचा मला जरा रागच येतो. तिकडे १९९६ च्या कायद्याने सरकारजमा ठेव्याचं बक्षीस बाजारभावाने मिळतं आणि ते सापडवणारा व जमीनमालक वाटून घेतात. सोबत १९९७ पासून एक योजना सुरू झाली, लोकांना शेतात मिळालेल्या बारीकसारीक वस्तू जागेसकट नोंदवण्याची. वस्तू बहुतेक वेळा परत मिळते, फक्त नोंद राहते. दहा लाखांहून जास्त वस्तू त्यात आल्या आणि डेटाबेस कोणालाही घरबसल्या बघता येतो. तिथेही चोऱ्या होतात, रात्री मेटल डिटेक्टर घेऊन लोक फिरतात. पण निदान खरं सांगणाऱ्याचं नुकसान होत नाही. आपल्याकडे होतं. म्हणून "कोण विचारतं" हे शेठचं वाक्य मला उद्धटपणापेक्षा धंद्याची सोय जास्त वाटतं. न विचारण्यावरच दुकान चालतं.

तरी दुकानदाराला काहीच करता येत नाही हे मला पटत नाही. नाणं वजन करून त्याचा आकडा पावतीवर लिहायला काय जातं? कुठल्या गावच्या व्यापाऱ्याकडून लॉट आला, त्यात अजून कसली नाणी होती, एवढं वहीत टिपायला? एकगठ्ठा आलेली नाणी डबीत कालवण्याआधी मोबाईलवर एक फोटो? गिऱ्हाईकाचं नाव-गाव तर तुम्ही लिहून घेताच, जाहिरातीचे मेसेज पाठवायला. आणि आपण गिऱ्हाईकं तरी काय विचारतो? ग्रेड काय, दुर्मीळ किती, पुढच्या वर्षी भाव काय येईल. प्रदर्शनांत तासभर उभा राहून ऐकलंय, "कुठे सापडलं" हा प्रश्न एकदाही कानावर आला नाही.

असो. स्तूप बघायचा असेल तर नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'बौद्ध स्तूप' सांगा, बुरुड राजा कोणाला कळेलच असं नाही. पेटीतला ऐवज तिथे नाही, तो फोर्टात एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्येच सोपाऱ्याला मिळाला होता, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला निघाला. भुईगावचा समुद्रही तिथून लांब नाही, संध्याकाळी चार-साडेचारला निघालात तर दोन्ही होतं. येत्या रविवारी मी जाणार आहे, कोणाला यायचं असेल तर मेल टाका.