आबांची वही आणि २३५८

आबांनी साखरखेर्ड्याला पावसाची वही ठेवली आहे. रोजच्या नोंदी, मिलिमीटरमध्ये, मराठी आकड्यांत. चुलत भावाने त्यातली दहा वर्षं मोबाइलवर टाइप करून मला पाठवली. शनिवारी म्हटलं चला, आलेख काढू. बेरीज मारली तर उत्तर ०. दहा वर्षांत गावात थेंबही नाही! :)

आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आकडे त आपलेच हायेत, मंग त्याले कसे समजत नाहीत रे?"

प्रश्न साधा, पण माझा अख्खा रविवार त्यात गेला.

ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६चा शिलालेख आहे. त्यात २७० ही संख्या शून्य वापरून कोरलेली आहे. हीच पद्धत अरबांमार्फत युरोपात गेली. फिबोनाचीने १२०२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. वाटेत आकड्यांची वळणं बदलली. म्हणून तर आपल्या राज्यघटनेचं ३४३वं कलम 1, 2, 3 यांना इंग्रजी आकडे म्हणत नाही, 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' म्हणतं.

कॉम्प्युटरला मात्र हे नातं आपोआप कळत नाही. त्याच्या लेखी 1 चा क्रमांक ४९. आपल्या १ ला १९९१च्या युनिकोडमध्ये क्रमांक मिळाला २४०७. त्याआधीच्या काही मराठी फॉन्टमध्ये तर नुसती वेशांतराची गंमत होती. आत ४९च, वरून चित्र १ चं. तिथे बेरीज बरोबर यायची! फॉन्ट खोटा होता, पण हिशोब खरा. युनिकोडमध्ये आपल्याला खरा १ मिळाला आणि माझ्या सॉफ्टवेअरने त्याला अक्षर समजून बेरजेतून वगळलं, तेही एरर न देता. एरर आली असती तर निदान कळलं तरी असतं.

खरं तर १ ची किंमत एक आहे, ही नोंद युनिकोडच्या तक्त्यात आहे. ती वाचायची की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर. पायथॉन वाचतो. मजकूर म्हणून '१२' देऊन त्याची संख्या करायला सांगितली तर बारा मिळतात. पण प्रोग्राममध्येच अवतरणचिन्हांशिवाय १२ लिहिलं की एरर!

उपाय दोन ओळींचा निघाला. प्रत्येक मराठी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे. आलेख आला, पाऊस पडला.

आबांना उत्तर दिलं, "आकडे आपलेच आहेत. त्याला कोणी शिकवलं नव्हतं." ते म्हणाले, "मंग शिकव ना."

असो. सोमवार आलाच.