अर्धे राहिलेले जाळे: मिठबाव किनाऱ्यावरील रापणीच्या विणकामाचा इतिहास

रापण हे किनाऱ्यावर उभे राहून ओढायचे मोठे जाळे. देवगड तालुक्यातील मिठबाव आणि त्याला लागून असलेल्या तांबळडेगचा लांब, वाळूचा किनारा अशा मासेमारीला सोयीचा आहे, कारण रापणीखालचा समुद्रतळ सपाट आणि वाळूचा असावा लागतो. गजबादेवीच्या मंदिराजवळ जसे खडक समुद्रात घुसले आहेत, तशा जागी जाळे अडकते आणि फाटते. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धगोलात जाळे सोडत पुढे सरकते आणि दुसरे टोक घेऊन थोड्या अंतरावर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे ओढू लागतात. बांगडा, तारली, पेडवे असे थव्याने किनाऱ्याजवळ येणारे मासे त्यात सापडतात.

एवढे मोठे जाळे एका घराने विणलेले नसे. रापण तुकड्यांची बनते. संघातला वाटेकरी आपल्या वाट्याचे जाळे आणतो, ते शेजारच्या तुकड्याला जोडले जाते आणि मिळालेल्या माशांत त्याला वाटा मिळतो. त्यामुळे एका घरात विणकाम मागे पडले की ते त्या घरापुरते राहत नसे, सगळ्या संघाची लांबी तेवढी कमी होई. मालवण-देवगड किनाऱ्यावर हा धंदा मुख्यतः गाबीत समाजाच्या हाती राहिला आहे.

विणण्याचा हंगाम पावसाळा. जूनपासून समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत माणसे घरीच असतात. आज राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी आहे. त्याआधी ही विश्रांती हवामान आणि रूढी यांमुळेच पाळली जाई. पडवीत किंवा मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, खांबाला दोरी बांधून जाळे विणले जाई, आणि जे पुरे झाले नाही ते गुंडाळून पुढच्या पावसाळ्यासाठी आढ्याला टांगले जाई.

धागा घरचा किंवा गावचा असे. ताग पाण्यात कुजवून, साल सोलून, तंतू टकळीवर पिळून त्याची दोरी करत. पुढे गिरणीचे सूत स्वस्त झाले तसे कापसाचे जाळे वाढले. तागाला आणि कापसाला एकच मोठा शत्रू होता: ओल. दोन्ही धागे सेल्युलोजचे असल्यामुळे त्यांच्यावर पोसणारे जिवाणू ओल्या जाळ्याला झपाट्याने कुजवतात. म्हणून प्रत्येक वापरानंतर जाळे वाळत घालणे आणि ठरावीक काळाने खैराच्या काथाच्या किंवा टॅनिन असलेल्या झाडसालीच्या काढ्यात बुडवणे ही कामे विणकामाइतकीच महत्त्वाची होती. ज्या घराला हे जमत नसे त्याचे जाळे लवकर जाई.

विणायला दोनच हत्यारे लागतात. एक लांबट चपटी सुई, जिच्यावर धागा भरलेला असतो, आणि एक गुळगुळीत पट्टी. पट्टीची रुंदी म्हणजे जाळ्याच्या चौकोनाची, म्हणजे आसाची, बाजू. पट्टीवरून धागा घेऊन तो आधीच्या ओळीतल्या आसातून वर काढायचा, अंगठ्याने दाबून धरायचा, मागून वळसा देऊन गाठ आवळायची आणि पुढच्या आसाकडे जायचे. ही रीत फार जुनी आहे. फिनलंड-रशिया सीमेवरील कारेलियात 1913 साली सापडलेले विलोच्या सालीचे अँट्रिया जाळे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते, आणि गाठी मारून जाळे विणण्याची रीत त्याही काळी माहीत होती. आसांची संख्या वाढवायची तर जादा फास घालतात, कमी करायची तर दोन आस एकाच गाठीत घेतात. या दोन युक्त्यांनी जाळ्याला हवा तो आकार देता येतो. रापणीत मधल्या भागात आस बारीक आणि धागा जाड ठेवतात, बाजूच्या पंखांकडे आस मोठा होत जातो. मासे मधल्या भागात जमतात आणि ओढण्याचा सगळा ताणही तिथेच येतो.

कामाचा आवाका हिशेबाने समजतो. ताणून मोजलेला आस 40 मिलिमीटरचा धरला, म्हणजे चौकोनाची बाजू 20 मिलिमीटर, तर एक चौरस मीटर उघड्या जाळ्यात 2,500 गाठी येतात. एका गाठीला 5 सेकंद धरले तरी तेवढ्यालाच साडेतीन तासांच्या जवळपास लागतात. दहा मीटर लांब आणि पाच मीटर उंच तुकड्याला 1,25,000 गाठी आणि पावणेदोनशे तासांच्या आसपास वेळ, तोही सुई भरणे आणि धागा पिळणे सोडून. जाळे अनेक पावसाळे अर्धे का राहत असे याचे उत्तर आळसात शोधण्याची गरज नाही.

यंत्राने हे काम करण्याचा प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू होता. नक्षीदार विणकामाच्या मागासाठी ओळखल्या जाणाऱ्या जाकारने फ्रान्समध्ये जाळे विणणाऱ्या यंत्रावर काम केले आणि स्कॉटलंडच्या मसलबरोत जेम्स पॅटर्सनने 1820 च्या सुमारास यंत्र उभे केले. कोकणात मात्र मोठा बदल झाला तो धाग्यामुळे. 1935 साली अमेरिकेत वॅलेस कॅरोदर्स यांनी शोधलेले नायलॉन दुसऱ्या महायुद्धानंतर मासेमारीत आले. ते कुजत नाही, वजनाने हलके असते आणि सारख्याच जाडीच्या कापसापेक्षा बळकट असते. त्याच्या दोन कमतरता आहेत. उन्हाने ते ठिसूळ होते, आणि गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ सरकते. म्हणून कारखान्यात दुहेरी गाठ घालून जाळे गरम करून बसवतात. कोचीनला 1957 साली केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था स्थापन झाली आणि जाळ्यांच्या नव्या धाग्यांचा अभ्यास भारतातच होऊ लागला. पुण्याच्या गरवारे वॉल रोप्सने 1976 नंतर दोर आणि जाळी मोठ्या प्रमाणात बाजारात आणली. तयार जाळ्याचे गठ्ठे मिळू लागल्यावर घरोघरचे विणकाम थांबत गेले.

त्याच दशकात रापणीच्या पोटावरच घाव बसला. कर्नाटकात 1970 च्या दशकाच्या मध्यापासून पर्ससीन नौका वाढल्या आणि तिथल्या रंपणीची, म्हणजे रापणीचीच, मासळी घटली. बांगडा-तारलीचे थवे किनाऱ्याला लागण्याआधीच समुद्रात घेरले जाऊ लागले. गोव्यात रापणकारांनी मातन्ही साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले. गोव्यात 1980 साली आणि महाराष्ट्रात 1981 साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. तरी प्रश्न मिटला नाही. या प्रश्नावर नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर मर्यादा घालणारा आदेश काढला. मासळी कमी होणे हेही रापणी मांगरात पडून राहण्याचे मोठे कारण होते. विणणाऱ्या हातांत कौशल्य होते, पण विणलेले वापरायला पुरेसा मासा नव्हता.

अशा पडून राहिलेल्या जाळ्याचे काम पुन्हा हातात घेताना पहिली परीक्षा धाग्याची. ठिकठिकाणी दोन बोटांत धरून झटका दिला आणि धागा तुटला, तर तो भाग कापून टाकावा लागतो. कुजलेल्या आसाला नवा आस जोडला की फाटणे फक्त एक ओळ पुढे सरकते. मग आस मोजतात. एक आस मोजून फसगत होते, म्हणून दहा आस ताणून मोजतात आणि दहाने भागतात. जुने कापसाचे जाळे वापराने आणि काढ्याने आटलेले असते, तेव्हा कोऱ्या सुताने आज मोजलेल्या मापाच्या पट्टीवर विणले तर नवा भागही भिजल्यावर आटेल आणि जुन्यापेक्षा लहान होईल. सूत आधी भिजवून, काढा देऊन, वाळवून घेतले तर ही अडचण टळते. कापसाच्या जाळ्याला नायलॉनचा जोड देऊ नये. दोन्हींचे ताणणे वेगळे असल्याने ओढताना सगळा भार एकाच धाग्यावर येतो.

फाटलेली जागा नीट करायची तर तिच्या कडा आधी कापाव्या लागतात, आणि यात खरा हात ओळखू येतो. काम तीन धागे शिल्लक असलेल्या गाठीपासून सुरू होते आणि तशाच दुसऱ्या गाठीवर संपते. मधल्या सगळ्या कडा अशा कापतात की विणताना प्रत्येक आस बाजूच्या किंवा खालच्या धाग्यात बरोबर मिळतो. पहिली गाठ चुकली तर शेवटी एक आस जास्त होतो आणि जाळ्याला घडी पडते.

शेवटचे काम म्हणजे जाळे दोरांवर बसवणे. वरच्या दोराला बोये, खालच्याला शिसे. जाळे ताठ बसवत नाहीत, सैल ठेवतात, म्हणजे आस उघडे राहतात. दोराची लांबी ताणलेल्या जाळ्याच्या 0.71 पट असली तर आस पूर्ण चौकोनी होतो आणि दिलेल्या धाग्यात सर्वांत मोठे क्षेत्र झाकले जाते. त्याहून कमी लांबीच्या दोरावर बसवले तर जाळे उंच आणि सैल होते, जास्त लांबीच्या दोरावर ठेंगणे आणि ताठ. यंत्राने विणलेला गठ्ठा विकत आणला तरी हे बांधकाम हातानेच करावे लागते, आणि मासेमारीतल्या प्रत्येक फाटक्या जाळ्याची डागडुजीही हातानेच होते.

मिठबाव-तांबळडेग परिसरातल्या ज्या घरांत असे जुने जाळे मांगरात पडून आहे, त्यांनी ते फेकण्याआधी जाणत्या माणसाला दाखवावे, पट्टी आणि सुई जपून ठेवावी, आणि निदान एक जोड नव्या हाताकडून त्याच्या देखत विणून घ्यावा.