दागिन्यांची पेटी आणि तिची किल्ली

गोंदियाचे सागवान व भंडाऱ्याची पितळ १ मे १९९९ पर्यंत एकाच जिल्ह्याची होती. दागिन्यांच्या पेटीला दोन्ही लागतात. सागात नैसर्गिक तेल असल्याने त्यास वाळवी सहसा लागत नाही. नीट वाळविलेले लाकूड पावसाळ्यातही फारसे फुगत नाही, म्हणून खण अडकत नाहीत. जाणता सुतार खिळा न ठोकता खाचेत कुसू बसवितो, तळाशी चोरकप्पा राखतो, बिजागरी पितळेची लावतो. एवढी कारागिरी, आणि किल्ली बहुधा सासूबाईंच्या कमरेला! १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात निर्वाळा दिला की, स्त्रीधन पत्नीचेच. सासरी ठेवले म्हणून त्यावर पतीची भागीदारी होत नाही. विवाहपूर्व तयारीस येणाऱ्या वधूवरांना आम्ही हल्ली विचारतो, किल्ली कोणाकडे राहणार?