फळांवरील खाद्य लेपन : मेणापासून कायटोसॅनपर्यंत

काढणीनंतरही फळाचे श्वसन व बाष्पीभवन चालू राहते. सालीवरील जखमेतून बुरशी आत शिरते आणि फळ नासते. हा नाश टाळण्यासाठी चीनमध्ये १२व्या-१३व्या शतकांत संत्रावर्गीय फळांना मेणाचा लेप दिला जात असे. मात्र जाड थरामुळे वायूंची देवाणघेवाण थांबून फळे आंबण्याचा धोका राही.

१९३०च्या दशकात अमेरिकेत वितळविलेल्या पॅराफिन मेणाचा, तर १९५०च्या दशकात कार्नोबा मेणाच्या पायसाचा वापर रूढ झाला. भारतातील पळस, बोर व कुसुम या वृक्षांवरील लाखेपासून मिळणारे शेलॅकही अशा लेपांचा घटक ठरले. या लेपांनी वजनातील घट कमी झाली, फळास चकाकी आली. परंतु बुरशीस पुरेसा आळा बसला नाही. म्हणून मेणात बुरशीनाशके मिसळण्यात आली. कालांतराने पेनिसिलियम बुरशीत त्यांना दाद न देणारे प्रकार आढळू लागले.

या पार्श्वभूमीवर कायटोसॅनचे महत्त्व स्पष्ट होते. १८११मध्ये ब्राकोनो यांनी अळिंबीतून कायटिन वेगळे केले होते. त्यापासून बनणाऱ्या कायटोसॅनने स्ट्रॉबेरीवरील करड्या बुरशीस आवर बसतो, असे १९९०च्या दशकाच्या आरंभीच्या प्रयोगांत दिसून आले. त्याचे धनभारित रेणू बुरशीच्या पेशीपटलास इजा करतात, तसेच फळाची स्वतःची प्रतिकारक्षमताही जागृत करतात. तथापि, बागेतच सालीत सुप्तावस्थेत शिरलेल्या आंब्यावरील करप्यासारख्या रोगांपुढे केवळ लेप अपुरा पडतो.

सारांश, फळाची चकाकी म्हणजे फळाचे संरक्षण नव्हे, हेच या इतिहासावरून सिद्ध होते. लेपनाचा विचार बागेतील रोगनियंत्रणापासूनच सुरू व्हावयास हवा.