परतलेला कारखाना, लोपलेला कर्ता: फ्रँकोनियातील पादत्राण-निर्मितीविषयी

परदेशी गेलेले उत्पादन मायदेशी परत आणण्याची चर्चा बहुधा मजुरी, वाहतूक आणि आयातकर यांच्या परिभाषेत होते. ‘परतणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हा प्रश्न तीत क्वचितच उपस्थित होतो. तो तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेतला आहे आणि त्या दृष्टीने जर्मनीतील फ्रँकोनिया या प्रदेशाचा इतिहास उद्बोधक ठरतो.

याच प्रदेशातील न्यूरेंबर्गचा हान्स झाक्स (१४९४–१५७६) हा जोडे शिवणारा कवी. चार हजारांहून अधिक गीते त्याच्या नावावर आहेत. १५६८ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झालेल्या, नाना व्यवसायांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात योस्ट अमानची काष्ठचित्रे आणि झाक्सची पद्ये आहेत. त्यात जोडे शिवणारा प्रथमपुरुषी बोलतो, आपल्या मालाची ओळख स्वतः करून देतो. कारागिरांच्या श्रेणीने दिलेली प्रतिष्ठा या ‘मी’च्या मागे उभी आहे.

न्यूरेंबर्गपासून जवळच असलेल्या हेर्त्सोगेनाउराख या गावी आडोल्फ डास्लर यांनी १९४९ मध्ये आदिदास कंपनीची नोंदणी केली. पुढे स्वस्त मजुरीच्या शोधात उत्पादन आशियाकडे सरकत गेले आणि १९९० च्या दशकात जर्मनीतील कारखान्यांपैकी शाइनफेल्डसारखा एखादाच उरला. २०१६ मध्ये मात्र फ्रँकोनियातीलच आन्सबाख येथील नव्या स्वयंचलित कारखान्यातून पहिल्या ५०० जोड्या बाहेर पडल्या. अटलांटाजवळही तसाच कारखाना उभा राहिला. प्रत्येकाची नियोजित क्षमता वर्षाला सुमारे ५ लाख जोड्यांची होती. जोड्याचा वरचा भाग संगणकनियंत्रित यंत्रावर विणला जाई, तळवा वाफेने सांधलेल्या कृत्रिम दाण्यांचा असे. आशियातून जहाजाने माल येण्यास लागणारे आठवडे वाचवून बाजारपेठेच्या दाराशीच जोडा तयार करावा, ही त्यामागील कल्पना.

या कारखान्यांतील प्रमुख मालिकेचे नामकरण लक्षणीय आहे. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो अशा शहरांची संक्षिप्त नावे जोड्यांना दिली गेली आणि त्यांआधी ‘-साठी बनवलेले’ या अर्थाचे शब्द संक्षेपाने जोडले गेले. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर या नावात चतुर्थी आहे, तृतीया नाही. जोडा कोणासाठी हे कळते. कोणी केला, याची जागाच त्यात ठेवलेली नाही. झाक्सच्या पद्यातील ‘मी’ येथे लोपला आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने दोन्ही कारखाने बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२० मध्ये ते बंद झाले. हे तंत्र आशियातील पुरवठादारांकडे अधिक किफायतशीरपणे आणि लवचीकपणे वापरता येईल, असे कारण देण्यात आले. ते समजण्याजोगे आहे. जोड्यांचे असंख्य प्रकार हाताळण्याचे कौशल्य आणि सुट्या भागांचे पुरवठादार एव्हाना तिकडेच एकवटले होते. इमारत आणि यंत्रे परत आणता आली. अनेक दशकांत दुसरीकडे साचलेले हातांचे ज्ञान तसे आणता आले नाही.

यावरून हस्तव्यवसायाच्या गतवैभवाची हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. भारतीय अभ्यासकाला मात्र ते परवडणारे नाही. संत रोहिदासही चर्मकर्म करणारे कवी होते. गुरू ग्रंथसाहिबातील त्यांच्या पदांत ते आपल्या जातीचा उच्चार निःसंकोचपणे करतात. झाक्सचा ‘मी’ श्रेणीच्या मान्यतेवर बोलतो, तर रोहिदासांचा ‘मी’ समाजाने लादलेल्या हीनत्वाला सामोरा जाऊन बोलतो. जोड्याशी नाते सांगणारे हे दोन ‘मी’ समानार्थी नाहीत. युरोपात कारागिराकडे परतणे हे सन्मानाकडे परतणे ठरू शकेल; आपल्याकडे त्याच शब्दांनी जातीने नेमून दिलेल्या कामाकडे परतणे सूचित होऊ शकते.

म्हणून देशी उत्पादनाच्या पुनरागमनाची भाषा तपासताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: त्या भाषेत करणाऱ्याला प्रथमपुरुषी बोलण्याची जागा आहे काय, आणि ती जागा त्याने स्वेच्छेने घेतली आहे काय? आन्सबाखच्या अल्पजीवी प्रयोगात पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते.