तात्यांचा फड उपग्रहाला का दिसला नाही? धूर आणि धूळ शोधण्याचा छोटा इतिहास

गेल्या हंगामात मी पलूसला घरी गेलो होतो. खोडवा तुटून गेला होता, रान मोकळं करायचं होतं. संध्याकाळी वारा पडल्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पाचटाला काडी लावली. वीसेक मिनिटांत सव्वा एकर रान काळं झालं आणि धूर कृष्णेच्या बाजूला सरकत गेला. तात्या बांधावर उभे राहून म्हणाले, "काय रं, तुझ्या त्या उपग्रहाला हे दिसत असंल की!"

मी छाती फुगवून म्हणालो, "दिसतंय की. उद्या दाखवतो तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी नासाचा आगींचा नकाशा उघडला. आमच्या शिवारात एकही लाल ठिपका नव्हता. तात्या काही बोलले नाहीत, नुसते हसले. मला मात्र माझं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा एका सादरीकरणात मी याच प्रकारचा नकाशा दाखवून "या भागात जाळपोळ होत नाही" असं ठणकावून सांगितलं होतं. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "होत नाही, की दिसत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर या प्रश्नाचं उत्तर आधीच शोधून ठेवा. त्यासाठी हा इतिहास उपयोगी पडतो, म्हणून लिहितोय.

उपग्रहांच्या आधी

वाळवंटातली धूळ समुद्र ओलांडते हे उपग्रहांनी प्रथम सांगितलेलं नाही. १८३२ च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून केप व्हर्दे बेटांजवळ होता. तिथे हवेतून पडणारी तपकिरी बारीक धूळ त्याने गोळा केली, आणि १८४६ मध्ये अटलांटिकवरच्या जहाजांवर पडणाऱ्या धुळीबद्दल निबंध लिहिला. त्याची पद्धत साधी होती. कोणत्या जहाजावर, कोणत्या दिवशी, वारा कुठून असताना धूळ पडली याच्या नोंदी त्याने एकत्र केल्या. आज आपण संगणकावर वाऱ्याचा माग मागे मागे नेतो, त्यामागे हाच विचार आहे.

धुराचं ठळक उदाहरण १९५० चं आहे. कॅनडाच्या पश्चिम भागात मोठे वणवे पेटले. सप्टेंबरच्या शेवटी तो धूर अमेरिकेच्या पूर्व भागावर पसरला आणि दिवसाढवळ्या अंधारून आलं. पुढे तो अटलांटिक ओलांडून गेला आणि स्कॉटलंडमध्ये लोकांना निळा सूर्य दिसला. हॅरी वेक्सलर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने या धुराच्या प्रवासावर लेख लिहिला. आकाशातून पाहणारा डोळा नसल्यामुळे ठिकठिकाणच्या नोंदी जोडूनच चित्र उभं करावं लागलं. पहिला हवामान उपग्रह टायरोस-१ त्यानंतर दहा वर्षांनी, १ एप्रिल १९६० ला सुटला.

दुसऱ्याच कामासाठी पाठवलेली यंत्रं

या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे धूर आणि धूळ पकडणारी सुरुवातीची महत्त्वाची यंत्रं मुळात त्यासाठी बनवलेलीच नव्हती.

१९७८ मध्ये अमेरिकेने निंबस-७ उपग्रह सोडला. त्यावर टॉम्स नावाचं उपकरण होतं. त्याचं काम ओझोन मोजणं. ते अतिनील प्रकाशाच्या काही ठरावीक तरंगलांबी मोजायचं. त्यातल्या ज्या तरंगलांबींवर ओझोनचा परिणाम फार कमी, तिथे हिशोब सोपा असायला हवा होता: हवेचे रेणू प्रकाश किती विखुरतात हे आपल्याला गणिताने माहीत असतं. पण काही ठिकाणी गणित आणि मोजमाप जुळत नव्हतं. ही तफावत म्हणजे ओझोनच्या माणसाच्या दृष्टीने कटकट.

जे हरमन, पवन भारतिया, ओमर टॉरेस, क्रिस्टिना शू या संशोधकांनी १९९० च्या दशकात या कटकटीकडेच नीट पाहिलं. धूर आणि वाळवंटी धूळ अतिनील प्रकाश शोषून घेतात, ढग तसे शोषत नाहीत. म्हणजे तफावत ज्या दिशेला जाते, त्यावरून ढग आणि धूळ वेगळे ओळखता येतात. शिवाय डोळ्यांना लख्ख दिसणारं वाळवंट अतिनील प्रकाशात काळपट दिसतं, त्यामुळे वाळवंटावर उडणारी धूळही पकडता येते. मग १९७८ ते १९९३ चा सगळा जुना साठा पुन्हा तपासला गेला. त्यातूनच २००२ मध्ये जोसेफ प्रॉस्पेरो आणि सहकाऱ्यांनी जगातल्या धुळीच्या उगमांचा नकाशा मांडला. चाड देशातला बोडेले हा खोलगट भाग, म्हणजे जुन्या सरोवराचा कोरडा तळ, हा सगळ्यात मोठ्या उगमांपैकी एक निघाला.

आगीचंही तसंच. एव्हीएचआरआर या उपकरणात ३.७ मायक्रॉनचा एक पट्टा होता, तो समुद्राचं तापमान मोजायला उपयोगी पडावा म्हणून. १९८१ मध्ये मॅटसन आणि डोझियर यांनी दाखवून दिलं की त्यात तेलविहिरींवरच्या गॅसच्या ज्वाळा आणि पोलादाचे कारखाने दिसतात, तेही पिक्सेलपेक्षा खूप लहान असूनसुद्धा.

हे कसं शक्य होतं, ते स्वतः करून बघा. प्लँकचं सूत्र घ्या. एक पृष्ठभाग २७ अंश सेल्सिअसचा, दुसरा ५२७ अंशांच्या ज्वाळेचा. ११ मायक्रॉनला ज्वाळा साधारण १९ पट तेजस्वी दिसते. ४ मायक्रॉनला मात्र सुमारे १,८०० पट! म्हणून पिक्सेलचा अगदी थोडा कोपरा पेटला तरी ४ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा बोंब मारतो. आगी शोधायची जवळजवळ सगळी तंत्रं या एका फरकावर उभी आहेत.

मोडिस आणि त्यानंतर

टेरा (डिसेंबर १९९९) आणि ॲक्वा (मे २००२) या उपग्रहांवरच्या मोडिसने हे काम रोजचं केलं. यामागच्या विचारात योराम कॉफमन यांचा वाटा मोठा आहे. जंगल किंवा समुद्रासारख्या गडद पृष्ठभागावर तरंगणारे कण मोजणं त्यामुळे सोपं झालं. उजळ वाळवंटावर ते अडायचं. मग २००४ मध्ये शू यांनी 'डीप ब्लू' पद्धत मांडली: निळ्या पट्ट्यात वाळवंट कमी उजळ दिसतं, तिथूनच मोजा.

तरीही एक अडचण उरली. हे आकडे जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचे असतात. धूळ चार किलोमीटरवर आहे की नाकासमोर, हे त्यावरून कळत नाही. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो उपग्रहाने लेझरचा झोत खाली सोडून उंची मोजली, पण फक्त आपल्या मार्गाखालच्या अरुंद रेषेवर.

आता आपल्याकडची गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये २२ तारखेला पाकिस्तानच्या किनाऱ्यावर धुळीचं वादळ उठलं. ते अरबी समुद्रावरून गुजरातकडे आणि २३ तारखेला मुंबईपर्यंत आलं. मुंबई-पुण्यात आकाश धुरकट झालं, गाड्यांवर पांढरट पूड बसली. मार्च २०१२ मध्येही असाच धुरळा पश्चिमेकडून मुंबईवर आला होता. अशा वेळी इन्सॅट-३डी (२०१३) आणि इन्सॅट-३डीआर (२०१६) सारखे भूस्थिर उपग्रह कामाला येतात, कारण ते ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा तोच भाग बघतात. पुण्याच्या आयआयटीएममध्ये जमिनीवरून सूर्याकडे बघून कण मोजणारं उपकरण आहे. उपग्रहाचा आकडा खरा की खोटा, हे अशा उपकरणांशी ताडूनच ठरतं.

मग तात्यांचा फड?

आता हिशोब मांडूया. व्हिअर्स उपकरणाचा आगीसाठीचा पिक्सेल ३७५ मीटरचा. म्हणजे सुमारे ३५ एकर. त्यात सव्वा एकर पाचट. आकार लहान आहे, पण ४ मायक्रॉनचा फरक लक्षात घेतला तर अशी आग दिसणं अशक्य नाही. खरी अडचण वेळेची. हा उपग्रह दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास जातो. तात्यांनी काडी लावली सहा वाजता आणि साडेसहाला सगळं विझलेलं. उपग्रह आला तेव्हा आग नव्हती, आणि आग होती तेव्हा उपग्रह नव्हता.

हे फक्त पलूसचं नाही. पंजाब-हरियाणातल्या पराळीच्या आगी दुपारनंतर लावल्या जाऊ लागल्या, त्यामुळे ठिपक्यांची संख्या कमी दिसते, असा मुद्दा २०२४ मध्ये भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून पुढे आला. ठिपक्यांवरून धोरणं ठरतात, शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल होतात, यश जाहीर होतं. चुकीचं वाचलेलं 'शून्य' असं महागात पडतं. दोन्ही बाजूंनी पडतं: न जाळणाऱ्या गावाला बोल लागतो, किंवा धुरात राहणाऱ्या गावाची नोंदच होत नाही.

म्हणून डेटा डाउनलोड करण्याआधी मी आता वहीत चार ओळी लिहितो. हे उपकरण मुळात कशासाठी बनवलं? ते माझ्या भागावरून किती वाजता जातं? त्याला काय दिसू शकत नाही? आणि जमिनीवर पडताळायला काय आहे? या चार ओळींनी माझा एक अख्खा प्रकरण-मसुदा बदलला. वाईट वाटलं, पण परीक्षकांसमोर बदलण्यापेक्षा बरं.

सरावासाठी एक काम देतो. नासाचं वर्ल्डव्ह्यू मोफत आहे. त्यात २२ ते २४ जानेवारी २०२२ या तारखा उघडा आणि अरबी समुद्रावर धुळीचा पट्टा शोधा. मग तोच पट्टा जमिनीवर आल्यावर शोधायला का जड जातो, हे पाच ओळींत लिहा. उत्तर वर येऊन गेलंय.

तात्यांना मी वेळेचा घोळ समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हंजे तुमचा उपग्रह दुपारी येतो आन् जातो, आन् आम्ही दिवसभर हितंच. मग मलाच विचारायचं की." पुढच्या हंगामात आमच्या भागातल्या फडांच्या तारखा आणि वेळा मी वहीत टिपणार आहे. पहिली नोंद तात्यांचीच असेल.